सुताराच्या घरामागची माती

मित्रांनो, तुमच्या पणजोबांनीही जिला म्हातारी म्हटले असते, अशी मी एक जुनी माती आहे. डोंगराच्या उतारावर, रानाच्या सावलीत माझा जन्म झाला. खालचा कातळ ऊन-थंडीने फुटत गेला, त्याचे खडे झाले, खड्यांची रेती झाली. वरून पाने गळत राहिली. ती कुजली, गांडुळांनी ती खाली ओढून नेली, आणि या सगळ्यातून मी झाले. वीतभर वाढायला मला किती पिढ्या लागल्या, ते आता माझे मलाच आठवत नाही.

माझा स्वभाव आधी सांगते, कारण पुढचे सगळे त्यावरूनच घडले. मी वरून काळी आणि भुसभुशीत होते. मूठभर उचलली तर बोटांमधून चुऱ्यासारखी गळत असे. त्याखाली माझा रंग तांबूस होता आणि तळाशी नुसते खडे. माझ्यात पाणी कधी उभे राहिले नाही. कितीही पाऊस पडो, मी घोटभर ठेवायची आणि बाकीचे खाली सोडून द्यायची. गांडुळांची भोके, कुजून पोकळ झालेली जुनी मुळे, खड्यांमधल्या फटी, या पाण्याच्या वाटा. पाणी निघून जाई म्हणून माझ्यात हवा खेळे, आणि हवा खेळे म्हणून झाडांची मुळे खोल जात. मात्र त्याच पाण्याबरोबर माझे सत्त्वही धुऊन जाई. शेतातल्या मातीसारखी मी श्रीमंत नव्हते. माझे पोट हातावरचे होते, वरून पाने गळतील तेवढेच खाणे.

आणखी एक. उतारावरची माती स्वस्थ बसलेली दिसते, पण ती बसलेली नसते. ती सारखी खाली निघालेली असते. मला झाडांनी धरून ठेवले होते, आईने बाजारात मुलाचे मनगट धरावे तसे.

एके दिवशी माझ्या पायथ्याशी एक सुतार आला. सोबत त्याचा मुलगा आणि सून होती. त्याला सगळे आप्पा म्हणत. आप्पाने खाली बसून मला मुठीत घेतले, दाबले आणि सोडून दिले. मी भुरभुर गळून गेले. तो खूश झाला.

"इथंच घर बांधू," तो म्हणाला. "ही जमीन पाणी धरत नाही. फळ्या रचून ठेवल्या तर कुजायच्या नाहीत, वाकायच्या नाहीत. सुताराला अशी जमीन मिळायला नशीब लागतं."

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझी कोणी स्तुती केली नव्हती. मी फुलून गेले.

घर झाले. पुढे कामाची खोली, तिच्यात रंधे, करवती, पटाशा आणि खुंटीवर दोरीने टांगलेला, उभी रेघ सरळ आहे का ते दाखवणारा ओळंबा. मागे स्वयंपाकघर, आणि त्याचे मागचे दार थेट माझ्याकडे उघडणारे. त्या दाराची चौकट आप्पाने स्वतः बसवली. तिला तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवी आणि म्हणे, "केस घालून बघा, फट सापडली तर मिशी उतरवीन." फळ्या माझ्या अंगावर रचल्या जात आणि खडखडीत वाळत. मुलगा खुर्च्या-कपाटे गाडीत भरून शहरात पोचवी. घर भरभराटीला आले.

मग लाकूड लांबून आणायचे कशाला, असे आप्पाला वाटू लागले. वरच्या उतारावरची झाडे त्याने कापायला घेतली. बुंधे मात्र ठेवले. "मुळं आहेत तोवर माती कुठं जाते?" तो मुलाला म्हणाला. ते खरेच होते, आणि म्हणूनच ते फसवे होते. कापलेल्या झाडाची मुळे लगेच सोडत नाहीत. ती आत कुजत जातात, आणि वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. एकेक बोट सुटावे तसा त्यांचा हात माझ्यावरून सुटत गेला. पाने गळायची थांबली. पावसाचे थेंब उघड्या अंगावर आपटू लागले. त्यांनी माझा चुरा चेचला आणि वाटा बुजत गेल्या.

घरात पाण्याचे हाल होते. सून खालच्या ओढ्यावरून पाणी आणी. एकदा ती चढ चढून आली आणि दोन्ही हंडे उतरवून तिथेच बसली.

"आप्पा, पुढच्या जन्मी मला सुताराची सून करू नका. माशाची करा."

आप्पा हसला, पण ते त्याच्या मनाला लागले. सुनेवर त्याचा जीव होता. त्याने मुलाला हाताशी घेतले आणि वर, बुंध्यांच्या मध्ये, उतारावर आडवा लांब खड्डा खणला. पावसाचे पाणी त्यात साठायचे आणि मुरायचे. "ही माती पाणी पिते," तो म्हणाला. "पोटभर पिऊ दे, म्हणजे खाली कुठंतरी झरा फुटेल."

त्याला माझा स्वभाव अर्धाच कळला होता. मी पाणी पीत नव्हते. मी ते जाऊ देत होते. आता वर कोंडलेले पाणी रात्रंदिवस माझ्यात उतरू लागले आणि माझ्याकडे वाटा राहिल्या नव्हत्या. ते कातळावर साचले. माझे तांबूस अंग आतून राखाडी पडत चालले. माझ्या अंगाला कुजका वास येऊ लागला.

आणि एके सकाळी स्वयंपाकघरामागे झरा फुटला.

काय आनंद झाला त्या घराला! सून ओंजळ भरभरून तोंडावर मारत होती. "आप्पा, तुमच्या पाया पडू का या खड्ड्याच्या?" असे विचारत होती. आप्पा कमरेवर हात ठेवून उभा होता. शेजारचे लोक बघायला आले. सगळे माझे कौतुक करत होते. ते पाणी म्हणजे मला फुटलेला घाम होता, हे मी कोणाला सांगू?

मला एकच भाषा येते, सरकण्याची. मी घराच्या मागच्या भिंतीवर हलकेच रेलले. चौकट तिरकी झाली आणि दार अडू लागले.

"आप्पा, मागचं दार लागत नाही," सून म्हणाली.

"ओल आली की लाकूड फुगतं, सूनबाई. तुझा नवरा नाही का जेवण चुकलं की फुगत?"

आप्पाने रंधा आणला, दाराची कड तासली. दार लागले. मी पुन्हा रेलले. त्याने पुन्हा तासले. मी दारावर जे जे लिहिले, ते ते त्याने रंध्याने पुसून काढले.

"उन्हाळ्यात अडलं तेव्हा कुठली ओल होती?" सुनेने एकदा विचारले.

"तू मला लाकूड शिकव आता."

"आजार रेड्याला आणि औषध पखालीला चाललंय हे. दाराचा पापुद्रा राहिलाय नुसता."

त्या वर्षी पाऊस लागून राहिला. वरच्या खड्ड्याला लागून माझ्या अंगावर भेग पडली. जळणाला गेलेल्या सुनेचा पाय तिच्यात रुतला. ती घरी आली, तिने खुंटीवरचा ओळंबा काढला आणि मागच्या चौकटीला लावला. दोरी एका बाजूला, चौकट दुसऱ्या बाजूला.

आप्पाने पाहिले. त्याचा चेहरा उतरला. मग तो म्हणाला, "ओळंबा वाकडा असेल."

"आप्पा, ओळंबा कधी वाकडा असतो का?"

"माझ्या हातची चौकट वाकडी नाही."

"चौकट नाही हो, घर वाकडं झालंय! डोंगर ढकलतोय. चला इथून. तुमच्या पाया पडते."

"लोक म्हणतील, सुताराला दार बसवता आलं नाही म्हणून पळाला."

पाऊस थांबला होता. सून नवऱ्याला बोलवायला मोठ्या रस्त्याकडे धावत निघाली. तो शहरातून गाडी घेऊन परतायची वेळ झाली होती. "त्यांना घेऊन येते, तोवर तुम्ही निदान अंगणात तरी बसा," ती म्हणाली.

"जा तू. एवढी चौकट सरळ करून येतोच."

तो चौकटीपुढे बसला आणि त्याने पटाशी लावली. मित्रांनो, मी थांबायचा प्रयत्न केला. कुजलेल्या मुळांना धरून पाहिले, ती हातात आली. खड्यांना धरले, ते माझ्याआधी सुटले. आतले पाणी मला उचलत होते. ज्या माणसाने माझी पहिली स्तुती केली, त्याच्यावर मी भरदुपारी जाऊन कोसळले.

सून आणि मुलगा आले तेव्हा घर नव्हते. लोक जमले, फावडी चालली. आप्पा चौकटीपाशीच सापडला. लोक म्हणाले, डोंगराने घात केला. सगळे गेल्यावर सून खाली बसली आणि तिने मला मुठीत घेतले. मी गळले नाही. चिकट गोळा होऊन तिच्या हाताला लागून राहिले.

"आधी सांगायचं तरी," ती म्हणाली, आणि रडू लागली.

आता मी खाली पडून आहे. माझा काळा थर, तांबूस थर, खडे, सगळे एकमेकांत कालवले गेले आहेत. माझ्या पाठीवर डबकी साचतात आणि त्यांना जायला वाट नाही. मुलाने ओढ्यापलीकडच्या उताराखाली नवी जागा बघितली आहे. "तिथली जमीन कोरडी आहे, फळ्या चांगल्या सुकतील," असे तो बायकोला सांगत होता. "वरची झाडं?" तिने विचारले. "ती आपल्याच कामाला येतील की," तो म्हणाला. ती मान खाली घालून त्याच्यामागून चालत राहिली.

मित्रांनो, उतारावरची झाडे उभी राहू द्या. त्यांच्या पायाशी पडलेली पाने झाडून नेऊ नका. उताराच्या डोक्यावर पाणी कोंडू नका. दार अडले तर रंधा उचलण्याआधी बाहेर येऊन वर बघा. माझ्यासाठी आता काही करू नका. मी पुन्हा वीतभर होईपर्यंत तुमची नातवंडे-पतवंडे म्हातारी होऊन गेलेली असतील. पण पलीकडच्या उतारावरची माती अजून भुसभुशीत आहे. कोणीतरी मुठीत घेऊन आपले कौतुक केले, या आनंदात ती आहे, आणि माझा आवाज ओढ्यापलीकडे पोचत नाही.