शेवटचा हात

चित्रकलेच्या बाईंना शाळेत मान होता, कारण त्यांच्या वर्गाची चित्रं भिंतीवर शोभायची. ती इतकी कशी शोभतात, या भानगडीत कुणी पडत नसे. कागद शाळेचा, रेघा मुलांच्या, कौतुक आईबापांचं, आणि मधे बाईंची एक दुपार. शाळा सुटली की बाई चित्रकलेच्या खोलीचं दार लोटून घेत, ब्रश ओला करत आणि एकेका चित्रावर शेवटचा हात फिरवत. कलंडलेलं घर उभं राही, कुत्र्यासारखी दिसणारी गाय पुन्हा गाय होई. याला फसवणूक म्हटलेलं बाईंना चालत नसे.

"फोटो काढायच्या आधी आपण पोराचं नाक पुसतोच ना?" त्या म्हणत. "तेवढंच करते मी."

पोरांनाही यात काही वावगं वाटत नसे. आपण काढलेलं चित्र भिंतीवर जाताना थोडं मोठं होतं, दात येतात तसं, अशी त्यांची समजूत होती.

यंदाचं काम मात्र मोठं होतं. आपल्या आसपास राहणारं, पण दुसऱ्या देशातून आलेलं एक माणूस प्रत्येकाने शोधायचं, त्याला समोर बसवायचं आणि त्याचा चेहरा काढायचा. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, यावर बेहद्द खूश होत्या. दारावर लावायचं वाक्यसुद्धा त्यांनी स्वतः तयार केलं: 'प्रत्येक चेहरा वेगळा, प्रत्येक चेहरा सुंदर.'

"पहिला अर्धा भाग सिद्ध करता येईल," गणिताचे सर चहा फुंकत म्हणाले. "दुसऱ्याचं काय करायचं?"

"तुमचा चेहरा वगळून सिद्ध करू, सर," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, आणि शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला.

शिकवायला बाई चांगल्याच होत्या, ते नाकारून चालणार नाही. खडूच्या डब्यातली ती फिकट गुलाबी कांडी, जिला सगळी पोरं 'अंगाचा रंग' म्हणत, बाईंनी प्रत्येकाकडून काढून घेऊन कपाटात टाकली. "कुणाच्या अंगाचा? माझ्या? तुझ्या? रंग आपला आपण कालवायचा." मग पोरं मनगटाला मनगट लावून रंग कालवत बसली. बाकांमधून फिरताना बाईंचं पालुपद चालू असे: "माणसाकडे बघा, कागदाकडे नंतर. माहीत आहे ते काढू नका, दिसतंय ते काढा."

हे ज्यांनी मनावर घेतलं त्यांत एक मुलगी होती. गालात सतत काहीतरी कोंबलेलं असल्यामुळे तिला सगळे खारूताई म्हणत. तिची आजी समुद्रापलीकडच्या देशातून लग्न होऊन इकडे आली होती आणि इथलीच झाली होती. गेल्या वर्षी आजारात आजीच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. ओठ एका बाजूला ओघळला, पापणी अर्धी मिटली. तेव्हापासून आजी पाहुणे आले की आतल्या खोलीत जाई. बाहेर पडायचंच झालं तर तोंडावर ओढणी घेई. फोटोचं तर नाव काढायची सोय नव्हती.

"बाई, आजी बसायला तयार झाली," खारूताई धावत येऊन म्हणाली. "पण मी तिला आहे तस्सं काढणार असेन तरच. मी शब्द दिलाय. आणि ती बघायला येणार आहे, बाई! इथे, सगळ्यांसमोर!"

बाई तेव्हा ब्रश धूत होत्या. "हो का? छान छान," त्या म्हणाल्या.

चित्रं जमा झाली. प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी बाईंनी दार लोटलं. केस कापणारा काका, दवाखान्यातली नर्स, पाववाला, दातांची डॉक्टरीण, सगळ्यांवर एकामागून एक हात फिरत गेला. खारूताईचं चित्र आलं तेव्हा तो थांबला. म्हातारीचा ओठ खरोखरच ओघळला होता. एक डोळा झाकत आलेला, आणि दुसरा असा रोखलेला की बघणाऱ्यानेच पदर सावरावा.

बाईंना कणव आली. कणव आली की माणसाला विचार करायची गरज वाटेनाशी होते. बिचारी भर सभेत येणार आणि भिंतीवर हे बघणार! बाईंनी ओठ सरळ केला, पापणी उघडली, कोपऱ्यात जरासं हसू ठेवलं. जाता जाता नाकही नीट केलं.

दुसऱ्या दिवशी सभागृहात गर्दी लोटली. गणिताचे सर हात पाठीशी बांधून भिंतीकडेने एक फेरी मारून आले.

"बाई, जग जवळ आलंय म्हणतात ते खरं. पण हे जरा जास्तच जवळ आलंय. सगळे एकमेकांचे चुलतभाऊ दिसताहेत."

"तुमचं आपलं काहीतरीच, सर."

"नाकं बघा की."

बाईंनी बघितली. पाववाल्याचं नाक, नर्सचं नाक, दातांच्या डॉक्टरणीचं नाक. रंग निरनिराळे, नाक एकच. ते बाईंच्या थोरल्या बहिणीचं होतं. लहानपणी तिलाच समोर बसवून त्या चित्र शिकल्या होत्या. मान्यच करायचं तर ओठही तिचेच होते. दुनियाभरची माणसं पोरांनी शोधून आणली होती आणि बाईंनी त्या सगळ्यांना आपल्या माहेरी नेऊन बसवलं होतं. बाईंचे कान तापले. आणि मग त्यांना एक ओठ आठवला.

त्या वळल्या तोवर खारूताई दारातून आत आली होती. एका हाताने वाट काढत होती, दुसऱ्या हातात आजीचा हात होता. आजीने ओढणी हनुवटीखाली घेतली होती. चेहरा उघडा होता.

आजीच्या चित्रासमोर नेमके मोठ्या बाई आणि प्रमुख पाहुणे उभे होते. "किती प्रसन्न चेहरा!" पाहुणे म्हणत होते. "वा! या वयात हे हसू!"

आजी चित्राजवळ गेली. बराच वेळ बघत राहिली.

"ही कोण गं?" तिचा शब्द एका बाजूने निसटत आला.

खारूताईने चित्राकडे पाहिलं, मग बाईंकडे. एकदाच. मग ती पायाच्या अंगठ्याकडे बघू लागली.

"तूच आहेस, आजी."

"माझं तोंड असं आहे?"

"मी... मीच सरळ केलं. म्हटलं, बरं दिसेल."

बाई दोन पावलांवर उभ्या होत्या. हिशेब सोपा होता. गप्प राहिलं तर त्यांचं काहीच जात नव्हतं. पोरीचा शब्द जात होता, आणि तोही पोरगी आपणहून देऊन टाकत होती, बाईंना सांभाळून घ्यायला. बाई गप्प राहिल्या. फार वेळ नाही, पण राहिल्या.

आजीने आपला हात हळूच नातीच्या हातातून सोडवून घेतला.

"तुलासुद्धा बघवत नाही, तर," ती म्हणाली आणि तिने ओढणी नाकापर्यंत ओढली.

"तिने नाही केलं!" बाईंचा आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला. आसपासची बोलणी थांबली. "आजी, पोरीने तुम्हाला आहे तसंच काढलं होतं. मी बदललं."

"बाई, हे नंतर बोलू आपण," मोठ्या बाई पाहुण्यांकडे बघून हसत पुटपुटल्या.

"नंतर नको. एकच नाही, सगळीच बदललीत मी. ही सगळी नाकं माझ्या घरची आहेत."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. गणिताचे सर हसले नाहीत. ते आपल्या बुटांकडे बघत होते, आणि ते बाईंना जास्त लागलं.

"का?" आजीने विचारलं.

"मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल."

"मला विचारलंत?"

"नाही."

"बघितलं होतंत मला कधी?"

"नाही," बाई म्हणाल्या. एवढ्या भरल्या सभागृहात त्यांना हात कुठे ठेवावे कळेना.

सभागृहाच्या कोपऱ्यात पोरांनी सजवलेलं स्टूल होतं, ज्यावर माणसं बसवून चित्रं काढली त्याचा नमुना म्हणून ठेवलेलं. आजी चालत गेली आणि त्यावर बसली. तिने ओढणी खाली केली.

"बघा आता."

पाहुण्यांना दुसऱ्या एका कार्यक्रमाची आठवण झाली. मोठ्या बाई त्यांना पोहोचवायला गेल्या. जाताना त्यांनी जी नजर टाकली तिचं पुढे काय व्हायचं ते होणारच होतं. खारूताईने कागद आणि पेन्सिल आणली. बाईंना वाटलं, आता ही बसेल काढायला. तिने दोन्ही बाईंच्या हातात ठेवलं.

बाई आजीसमोर बाकावर बसल्या. हनुवटी, गाल, कपाळ झरझर आलं. मग ओठ काढला. खारूताई त्यांच्या खांद्यामागे उभी होती. तिच्या गालात आज काहीच नव्हतं.

"सरळ आलाय, बाई."

बाईंनी खोडला. पुन्हा काढला.

"अजून सरळच आहे."

बाईंनी पुन्हा खोडला. कागद त्या जागी काळवंडला, झिजून पातळ झाला. समोर आजीचा तो उघडा डोळा त्यांच्यावर खिळलेला होता. त्यात राग होता का, ते सांगता आलं नसतं. घाई मात्र अजिबात नव्हती. बाईंचे डोळे सारखे कागदाकडे पळत होते.

"माणसाकडे बघा, बाई," खारूताई हळूच म्हणाली, बाकांमधून फिरताना बाई म्हणत अगदी त्याच सुरात. "कागदाकडे नंतर."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि मान वर केली.