छत्तिसावा फोटो

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. माझ्या भिंगाला बुरशी चढली आहे आणि चामड्याचं कवच उंदरांनी कुरतडलं आहे. तरी माझी कीव करू नका. आधी ऐकून तर घ्या.

मी घडलो दूरच्या एका कारखान्यात. तिथून मध्य आशियातल्या किझिलकुमच्या वाळवंटात आलो आणि सापार नावाच्या छायाचित्रकाराच्या गळ्यात पडलो. तो वर्तमानपत्रासाठी फोटो काढायचा. इथला वसंत जेमतेम तीन आठवड्यांचा. तेवढ्यात ट्यूलिप उमलतात आणि करपूनही जातात. त्या दिवसांत सापारला तहानभूक सुचत नसे. वाळूत पालथा पडून तो फुलं टिपायचा. फोटो छापून आले की लोक त्याची पाठ थोपटत. मीही फुशारून जाई. नजर तर माझीच होती ना!

आमचा मुक्काम तोरेबेक या म्हाताऱ्या मेंढपाळाच्या तळावर असे. सापार त्याला आदराने अता म्हणे आणि त्याच्या बायकोला, आयमकूलला, आपा. ती त्या वर्षी फार खोकत होती. तोरेबेकने सापारला बाजूला घेतलं.

"हिचा एक फोटो काढ, पोरा. माझ्या आईचा चेहरा मला आता आठवत नाही. हिचं तसं व्हायला नको."

"काढतो की, अता! शेवटचा फोटो आपांसाठीच राखून ठेवतो."

माझ्या पोटात फिल्मची गुंडाळी असे. तिच्यावर छत्तीसच फोटो मावत. नवी गुंडाळी शहरातच मिळे आणि शहर दोन दिवसांच्या वाटेवर होतं.

पस्तीस फोटो झाले. आयमकूल मखमली जाकीट घालून, डोक्याचं पांढरं वस्त्र चारदा सोडून चारदा बांधून आली. "म्हातारपणी नवरी केलंत मला," ती हसली. नेमका तेव्हाच सापारला एक पिवळा ट्यूलिप दिसला. वारा त्याला स्थिर राहू देईना.

"आपा, जरा इथे उभ्या राहता? वारा अडेल."

"फुलाला आडोसा, आणि मला वारा! बरं बाबा, राहते." खोकत खोकत तिने जाकिटाची टोकं पसरली. फूल थांबलं. सापारचं भान हरपलं आणि त्याने कळ दाबली. छत्तीस.

मग त्याला आठवलं. त्याचा चेहरा खर्रकन उतरला, पण खरं सांगायचा धीर होईना. फिल्म संपली की माझी कळ दबत नाही, म्हणून पाठ वळवून त्याने भरलेली फिल्म परत डबीत गुंडाळली. "बसा आपा, इकडे बघा," म्हणत त्याने मला तिच्यासमोर धरलं आणि पुन्हा कळ दाबली. मित्रांनो, पोट भरलेलं असो की रिकामं, माझा आवाज सारखाच येतो. आयमकूल समाधानाने उठली. "पुढच्या वसंतात खराच काढीन," सापार पुटपुटला. ते फक्त मी ऐकलं.

ती हिवाळ्यातच गेली.

तोरेबेक शहरात आला, हातात सुकवलेल्या दह्याच्या गोळ्यांची पुरचुंडी घेऊन. "फोटो दे रे. चेहरा आत्ताच निसटायला लागलाय."

सापारने मान खाली घालून सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने नजर वर केली. भिंतीवर पिवळ्या ट्यूलिपचा बक्षीस मिळालेला फोटो होता.

"हेच का ते फूल?"

"हेच. कडेला आपांची सावली पडली होती. ती मी कापून टाकली."

"ती दे मला."

सापारने फोटो पुन्हा, अख्खा छापून दिला. म्हाताऱ्याने वाळूवरच्या सावलीवरून बोट फिरवलं. "बघ, डोक्यावरचं डावीकडे कललंय. जन्मात कधी सरळ बांधलं नाही हिने," म्हणाला आणि रडू लागला. जाताना दारात वळला. "माझ्या तळावर पुन्हा पाऊल टाकू नकोस."

सापारने मला पेटीत टाकलं. नंतर कित्येक वसंत आले आणि गेले. पेटी उघडली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण रिकाम्या पोटी त्याला कुणाच्या चेहऱ्यासमोर धरू नका. आयमकूल सरळ माझ्या डोळ्यात बघून हसली होती. तिला मी नीट पाहिलं, पण ठेवून घेऊ शकलो नाही.