धूर न केलेला दिवस

"जरा वर ने गो. अजून वर. ती बघ, ती पांढरी रेघ!" कुशाबांनी नातीच्या मोबाइलवर बोट टेकवलं, तसा नकाशा भलतीकडेच सरकला.

"आजोबा, दाबू नका ना, नुसतं दाखवा," श्रेया हसली. धरणाचं निळं पाणी आणि काठावर गवतात हरवत चाललेली विमानाची धावपट्टी तिने पुन्हा समोर आणून दिली. परळच्या हॉस्पिटलातल्या खाटेवर आजी, गंगुबाई, उशीला टेकून बघत होत्या. उद्या सकाळी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं.

श्रेया मोबाइल आजीच्या हातात देऊन चहा आणायला खाली गेली आणि म्हातारा-म्हातारी त्या पट्टीवरून बोटाने चालू लागली. दुपार सुस्तावली होती. पडद्यातून आलेलं ऊन चादरीवर पसरलं, भिंती हळूहळू दूर गेल्या आणि कुशाबांना वाळल्या गवताचा वास येऊ लागला.

धरणाचं काम चालू असताना मुंबईचे इंजिनियर छोट्या विमानाने तिथे यायचे. लालबागहून कामाला आलेला तरणा कुशाबा तिथला रखवालदार. विमानाची घरघर आली की म्हशी हाकलायच्या, दगड वेचायचे आणि ओल्या गवताचा धूर करायचा. धुरावरून पायलटला वारा कळायचा, पट्टी मोकळी आहे हेही कळायचं. धूर नाही तर उतरायचं नाही, असं ठरलेलंच होतं. या धुराचा कुशाबाला भलता तोरा. दुसऱ्या कुणाला त्याने कधी काडी ओढू दिली नाही. जणू विमान साहेबांचं नव्हे, त्याच्या सासऱ्याचं!

मग गंगुबाईंचं पहिलं बाळंतपण अडलं. सुरुंगाच्या दगडांनी घाटरस्ता बंद होता. साहेबांनी वायरलेस करून विमान मागवलं. विमान आलं. खाली जमलेली माणसं नुसते हात हलवत राहिली. त्याने दोन घिरट्या घातल्या आणि ते परत गेलं. मुलगा दोन दिवस जगला.

"गंगू," कुशाबा म्हणाले. आज सांगितलं नाही तर कदाचित कधीच सांगता येणार नव्हतं. "त्या दिवशी वारो उलटो होतो, असा मी तुका सांगितलंय. खोटा होता ता. धूर करूक मी गेलंयच नाय. तुझ्या उशाशी बसान रवलंय. आणि दुसऱ्या कोणाक ता काम मी कधी शिकवलंच नाय."

गंगुबाईंनी मोबाइल चादरीवर ठेवला.

"माका ठाऊक होता," त्या म्हणाल्या. "विमान डोक्यावर फिरताना मी ऐकलंय. तुम्ही उठत होतास. मीच तुमचो हात सोडूक नाय. एकटीक भीती वाटली माका."

कुशाबांना रडू फुटलं. अठ्ठेचाळीस वर्षं दोघांनी एकच ओझं, एकमेकांपासून लपवून, वेगवेगळं वाहिलं होतं.

"बारशाआधीच गेलो तो," गंगुबाई म्हणाल्या. "तुमच्या मनात नाव काय होता?"

नाव होतं. कुणालाच, अगदी मागाहून झालेल्या मुलाला, राजेशलाही, कधी न सांगितलेलं.

"आनंदा," कुशाबा म्हणाले.

गंगुबाईंनी ते ओठांत घोळवलं. मग शेजारच्या खाटेवरची बाई वळून बघेल एवढ्या मोठ्याने, पोराला जेवायला बोलवावं तशी, त्यांनी हाक मारली, "आनंदा!"