भिंतीतली रंभा

आमच्या सासूबाईंचं नाव आक्काबाई. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण घरात त्यांच्यापुढं आवाज चढवायची कुणाची टाप नव्हती, माझी सोडून. माझ्या तोंडाला अख्खं चऱ्होली गाव भ्यायचं. मी कुणाचं कौतुक करणाऱ्यातली नव्हे, पण त्या बाईला मी मनापासून हात जोडले. का, ते सांगते.

रंभा ही त्यांची धाकटी लेक, माझी नणंद. नांदायला जाऊन वर्ष होतंय न होतंय तोच तापानं गेली. फोटो काढायची आमच्याकडं कुणाची ऐपत? पुढच्या साली सासूबाईंचे डोळे गेले. वैद्य म्हणाला मोतीबिंदू, गाव म्हणालं रडून रडून गेले. त्या मात्र कधी कुरकुरल्या नाहीत. एकदाच, मी दळत होते तेव्हा जात्याच्या खुंट्याला हात लावून म्हणाल्या, "शालन, तिचं तोंड मला आठवंना झालंय गं."

माझं दळण तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुंभाराकडची माती मागवली. बेंदराच्या सणाला मातीचे बैल त्या इतके देखणे करायच्या की शेजारच्या बाया मागून न्यायच्या, पण हे काम बैलाचं नव्हतं. मातीच्या गोळ्यावर त्या बोटं फिरवायच्या, मोडायच्या, स्वतःलाच शिव्या घालायच्या, पुन्हा मळायच्या. मी म्हणायचे, कशाला जिवाला घोर लावून घेता? त्या ऐकतायत कसल्या! आणि एक दिवस बघते तर रंभाच. तेच रुंद कपाळ, तीच हनुवटी, नाकाच्या शेंड्याला तीच बारीक खळी. आंधळ्या बोटांनी हे केलंय असं कुणाला सांगितलं असतं, तर खोटं वाटलं असतं.

आमचे मालक तेव्हा पिंपरीला औषधाच्या कारखान्याच्या बांधकामावर जायचे. तिथं बीडकडचा ज्योतीराम नावाचा पाथरवट होता. मालकांनी ते मातीचं तोंड भुश्यात घालून जपून त्याच्याकडं नेलं आणि ज्योतीरामनं ते काळ्या दगडात उतरवलं. भल्या माणसानं नाकाची खळीसुद्धा सोडली नाही. दगड बैलगाडीतून घरी आला, तेव्हा तो भरल्या घागरीएवढा जड होता. पाठीला एक भोक ठेवलेलं, खुंट्यावर अडकवायला.

आता अडकवायचा कुठं? माजघरात. आणि माजघरात त्याच भिंतीशी माझ्या तान्ह्या लेकीची झोळी, कारण तुळईची कडी तिथंच. माझं डोकं फिरलं. मेलेल्या लेकीपायी जित्या लेकीच्या उरावर धोंडा टांगायचा? मी तोंड सोडलं. मालक म्हणाले, खुंटा असा ठोकतो की हत्ती बांधावा. पहारीचा तुकडा घेतला आणि भेंड्यांच्या, म्हणजे कच्च्या मातीच्या विटांच्या भिंतीत घातला ठोकून.

मग बघायला भाऊबंद आले. पहिला हात घातला रंगरावांनी, म्हणजे मालकांच्या चुलत्यांनी. "हलवून खुंटा बळकट," म्हणाले आणि खुंटा धरून गदागदा हलवला. शाबास म्हणून खाली बसले. मागून आलेल्यानंही तेच केलं. चहा प्यायचा, म्हण म्हणायची आणि खुंटा हलवायचा, सगळ्यांचं हेच. कुणाला वाटलं नाही की आपल्या आधी चौघांनी हलवलाय.

दगड चढवायला दोघांनी उचलला, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, थांबा. उठल्या, भिंत चाचपत आल्या आणि खुंट्याखाली तळहात धरला. त्यांच्या तळहातावर मातीची बारीक धार पडत होती. ती माती त्यांनी रंगरावांच्या पुढ्यात धरली.

"भावजी, दावणीचा खुंटा हलवावा. हलला तर आणखी ठोकता येतो. भिंतीतला हलवला तर नुसतं भोक वाढतं."

रंगराव चहाच्या बशीत बघत बसले. सासूबाईंनी मग भिंत वाजवायला घेतली. बाजारात मडकं घेताना टिचकी मारतात ना, तशी बोटाच्या पेरांनी. एका जागी भिंत भद्द वाजली. त्या म्हणाल्या, इथं घुशीनं पोखरलं होतं, सयाजी पोटात होता तेव्हा. मीच भुसा नि चिखल कोंबून लिंपलं होतं. खुंटा नेमका त्यातच होता! सयाजी म्हणजे आमचे मालक. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. जन्मभर त्या बाईनं ही भिंत लिंपली होती, तिच्या पोटात काय आहे ते दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

वाजवत वाजवत त्या खाली आल्या. आमच्या भिंती कमरेपर्यंत दगडी, वर भेंडे. दगडी काम संपतं तिथं त्यांनी बोट ठेवलं. टांगायचं नाही, बसवायचं, असं त्यांचं म्हणणं. मालकांनी तिथले भेंडे काढून कोनाडा केला, भिंतीच्या आरपार जाईल अशी लांब फरशी दगडी कामावर टाकली आणि रंभेला तिच्यावर मागं रेलून बसवलं. वरून दोन लोखंडी पट्ट्या आडव्या घेतल्या. भेंड्यांवर काडीचाही भार नाही. बसल्या जागेवरून सासूबाईंचा हात नीट पोचत होता.

तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. झोळी मी ओसरीवर हलवली होती आणि तिथून आणणार नाही म्हणाले. वाटलं, आता जुंपणार. त्यांनी आपली वाकळ उचलली आणि कोनाड्याच्या बरोबर खाली अंथरली.

"आधी माझं टाळकं," म्हणाल्या. "मग तुझी लेक."

रोज निजताना त्या रंभेवर अंगाचा भार टाकून उठायच्या, बसायच्या. फरशीखाली बोट फिरवून माती सांडलीय का बघायच्या. अवसेची पुनव झाली, पुनवेची अवस झाली. धान्याच्या गाड्या दारावरून जायच्या, भिंत थरथरायची, पण फरशीखाली कण सांडला नाही. माझ्या लेकरासाठी स्वतःचं डोकं धोंड्याखाली ठेवून निजणारी बाई, तिच्याशी मी काय भांडणार? एका सकाळी मी होऊन झोळी आत आणली आणि त्याच कडीला बांधली. कुणी सांगितलं नव्हतं.

दोरीचा आवाज ऐकून सासूबाई सरकत आल्या. डावा हात सवयीनं कोनाड्यात गेला. उजवा त्यांनी झोळीत घातला, हळूच, लेक जागी होऊ नये म्हणून. दोन्ही हातांची बोटं दोन्ही नाकांवरून एकदमच खाली आली आणि शेंड्याशी थांबली.

मग म्हणाल्या, "शालन, खळी हाय गं हिला."

डोळे माझे धडधाकट. रोज त्या लेकराला पाजत होते, न्हाऊमाखू घालत होते. मी वाकून बघितलं. खरंच होती.