वीस कोटी ठोके

मी ठोक्या बोलतोय. हे माझं खरं नाव नाही. कागदोपत्री मी 'झडप-चाचणी यंत्र क्रमांक एक' आहे, पण एवढं लांबलचक नाव घेऊन हाक कोण मारणार? दिवसभर ठकठक करतो म्हणून प्रयोगशाळेतल्या मुलांनी मला ठोक्या केलं आणि तेच नाव चिकटलं. सध्या मी तळघरातल्या सामानाच्या खोलीत आहे. माझ्या अंगावर 'वापरू नये, पुरावा' अशी चिठ्ठी आहे. पुरावा तर पुरावा. निदान आता माझं म्हणणं कोणी ऐकून घेईल.

माझा जन्म भंगारातला. एका जुन्या मोटारीची काच पुसणारी मोटर, पाण्याच्या तीन काचपेट्या, एक रबरी पट्टा आणि एक दांडा. हे सगळं इंजिनिअरने तीन महिने खपून जोडलं. तो तेव्हा तिशीतला होता. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी छोटा पाना ठेवायचा आणि जेवायचा डबा माझ्याच टेबलावर उघडायचा. मला त्याचा लळा होता हे कबूल केलं पाहिजे. पुढचं सगळं सांगताना मी त्याची बाजू घेतली तर समजून घ्या.

माझं काम सोपं होतं. लहान मुलांच्या हृदयात बसवायची एक नवी झडप तयार होत होती. हृदयातलं रक्त पुढे गेलं की मागे येऊ नये म्हणून झडप असते, दारासारखी. ज्या मुलांची जन्मतः खराब असते त्यांच्यासाठी ही नवी. पेशींवर संशोधन करणाऱ्या आमच्या बाईंनी जाळीवर जिवंत पेशी वाढवून तिची पातळ पानं केली. इंजिनिअरने तिची चौकट केली. डॉक्टर ती मुलांच्या छातीत बसवणार होते. बाई तिला 'पिल्लू' म्हणायच्या, इंजिनिअर 'नमुना' म्हणायचा आणि डॉक्टर 'केस' म्हणायचे. तिघांची बैठक भरली की अर्धा तास एकमेकांचे शब्द समजून घेण्यातच जायचा, आणि समजले नाहीत तरी तिघंही मान डोलवायचे. शिकलेल्या माणसांची ही सवय मी फार जवळून पाहिली आहे.

ती झडप मुलाच्या छातीत चार वर्षं टिकेल का, हे मला सांगायचं होतं. चार वर्षांत लहान मुलाचं हृदय साधारण वीस कोटी वेळा ठोके देतं. मी सेकंदाला पंधरा ठोके द्यायचो, म्हणजे दिवसाला तेरा लाख. पाच महिन्यांत वीस कोटी. माझ्या तीन पेट्यांत तीन झडपा होत्या आणि त्या कोमट खाऱ्या पाण्यात उघडमीट करायच्या. मोटरीवरून पट्टा, पट्ट्यावरून दांडा, दांड्यावरून झडपा.

आता माझं दुखणं सांगतो. ठोके मोजणारा काउंटर खरं तर झडपांच्या दांड्यावर हवा होता. इंजिनिअरने आधी तिथेच लावला होता. पण पेट्यांतलं खारं पाणी उडून तो दोनदा बिघडला. दोन्ही वेळा चाचणी पुन्हा पहिल्यापासून. बाई वैतागल्या, डॉक्टरांनी तारखा विचारायला सुरुवात केली. तिसऱ्या वेळी इंजिनिअरने काउंटर उचलला आणि कोरड्या जागी, मोटरीवर लावला. मोटर एकदा फिरली की झडप एकदा हलते, मग कुठेही मोजलं तरी काय फरक पडतो? कागदावर खरंच काही फरक पडत नव्हता.

तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग एक परिपत्रक आलं की वीज वाचवण्यासाठी संध्याकाळी सहानंतर प्रयोगशाळांतले एसी बंद राहतील. खोली तापायची, मोटर तापायची, पट्ट्याचं रबर ढिलं व्हायचं आणि तासा-दीड तासात तो घसरून खाली पडायचा. मोटर मोकळीच फिरत राहायची. झडपा पाण्यात निवांत. आणि काउंटर मोजतोय आपला, पंधरा, तीस, पंचेचाळीस. मी ओरडलो असतो, पण मला एकच आवाज येतो आणि तोही तेव्हा बंद पडलेला असायचा.

सकाळी सातला मामा यायचे. मामा म्हणजे आमचे शिपाई. काचेची भांडी धुणं, पाणी भरणं, टेबलं पुसणं ही त्यांची कामं. रविवारीही यायचे, कारण बाईंच्या पेशींना सुट्टी नसते. पहिल्या दिवशी पट्टा जमिनीवर दिसला तेव्हा त्यांनी तो सायकलची चेन चढवावी तसा अलगद चढवला. मी पुन्हा ठकठक करायला लागलो. मामा हसले आणि माझ्या पाठीवर थोपटून म्हणाले, "दमलास होय रे?"

दहाला इंजिनिअर यायचा. पट्टा जागेवर, पाण्याचा दाब बरोबर, आकडा वाढलेला. तो रजिस्टरमध्ये लिहून सही करायचा. मामांनी त्याला एकदा सांगायला सुरुवात केली होती, "साहेब, तो पट्टा जरा..." पण साहेब फोनवर डॉक्टरांशी बोलत होते. त्यांनी हातानेच 'नंतर' अशी खूण केली. नंतर काही ते झालं नाही. मामांनाही वाटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी साहेबांना काय त्रास द्यायचा, मी आहे की रोज चढवायला. रजिस्टरमध्ये शिपायाने लिहायची पद्धत नव्हती. सही करणाऱ्यानेच लिहायचं आणि सही करणारा दहाला येणार. मामांनी साडेचार महिने दररोज तो पट्टा चढवला. साहेबांचं काम अडू नये ही त्यांची माया होती.

वीस कोटी भरले. झडपा बाहेर काढल्या तेव्हा एकाही पानाला चीर नव्हती. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मेंढ्यांवरचे प्रयोग आधीच नीट झाले होते. सगळ्यांनी माझ्याजवळ उभं राहून फोटो काढले. माझ्याशेजारी कधी न फिरकलेले दोन मोठे अधिकारीही त्यात आहेत. प्रत्यक्षात मी साडेअकरा कोटीच ठोके दिले होते. हे फक्त मला माहीत होतं.

मग भिंगरी आली. सहा वर्षांची पोर, ओठ निळसर. चार पावलं चालली की बसायची, पण पाचव्या पावलाला पुन्हा उठायची, म्हणून तिच्या बापाने हे नाव ठेवलेलं. बाप शिलाई मशीन दुरुस्त करणारा. नवीन झडप म्हटल्यावर तो घाबरला होता, म्हणून डॉक्टरांनीच त्याला म्हटलं की चला, तुम्हाला चाचणी कशी केली ते दाखवतो. इंजिनिअरने मला चालू केलं. भिंगरी काचेला नाक लावून पेटीतली झडप बघत बसली. बाप मात्र पेटीकडे बघतच नव्हता. तो मोटरीकडे, पट्ट्याकडे आणि काउंटरकडे बघत होता. सारा जन्म पट्टे बसवण्यात गेलेला माणूस तो.

"साहेब," तो अदबीने म्हणाला, "आकडा मोटरवर लावलाय. पट्टा निसटला तर?"

"एकच आहे हो ते," इंजिनिअर म्हणाला. "मोटर फिरली की झडप हलतेच."

मामा तिथेच दारात भांड्यांचा ट्रे घेऊन उभे होते. मी त्यांचा चेहरा पाहिला. पट्टा पडतो हे त्यांना माहीत होतं, पण काउंटर कशावर लावलाय हे त्यांनी कधी मनावर घेतलं नव्हतं. त्या क्षणी त्यांच्या ध्यानात आलं की रोज सकाळी पट्टा चढवेपर्यंत आकडा खोटाच वाढत होता. त्यांनी तोंड उघडलं. मग भिंगरीकडे पाहिलं. ती धापा टाकत जमिनीवर बसली होती. परवाची तारीख ठरलेली. आता बोललो तर ऑपरेशन रद्द होईल, पुन्हा पाच महिने जातील, आणि ही पोर पाच महिने काढेल असं दिसत नव्हतं. मामांनी तोंड मिटलं आणि भांडी घेऊन मोरीकडे गेले. त्यांना दोष देताना माझी जीभ अडखळते, पण दोष होता.

बापाने मान डोलवली. एवढे शिकलेले लोक सांगतायत म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. जाताना त्याने मला हात जोडले. यंत्राला हात जोडणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

ऑपरेशन यशस्वी झालं. भिंगरीचे ओठ गुलाबी झाल्याची बातमी आमच्या खोलीपर्यंत आली. ती शाळेत जायला लागली, पळायला लागली. झडप चार वर्षं टिकणार, म्हणून डॉक्टरांनी वर्षातून एकदाच दाखवायला सांगितलं. पुढे आणखी चार मुलांना तीच झडप बसली. बाईंना पुरस्कार मिळाला, इंजिनिअरला बढती. माझ्यावर कापड टाकलं गेलं.

दोन वर्षं चार महिन्यांनी भिंगरी शाळेच्या जिन्यात कोसळली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी जिथपर्यंत खरा होतो, तिथून जेमतेम थोडंच पुढे ती झडप गेली होती. बाकीचे साडेआठ कोटी ठोके आम्ही तिला नुसते लिहून दिले होते.

फाटलेली झडप बरणीत घालून डॉक्टर आमच्याकडे घेऊन आले. तिघं माझ्याच टेबलाभोवती बसले. बाई म्हणाल्या की चौकटीची धार लागली असणार. इंजिनिअर म्हणाला की पेशींचा थर कमी पडला असणार. डॉक्टर म्हणाले की मुलीच्या शरीराने नाकारली असणार. प्रत्येकाला दुसऱ्याच्या विषयातली चूक स्वच्छ दिसत होती. शेवटी मुलीच्या शरीरावर एकमत झालं, कारण ते बोलायला येणार नव्हतं. अहवालाचा कागदही लिहून झाला. मग डॉक्टरांनी उरलेल्या चार मुलांची यादी वाचली आणि ते म्हणाले, यांना नेहमीप्रमाणे वर्षाने बघू.

मामांचा निवृत्तीला एक महिना उरला होता. ते फडकं हातात घेऊन कोपऱ्यात उभे होते.

"वर्षाने नको," ते म्हणाले. "पट्टा निघायचा, साहेब. रोज. मीच चढवायचो."

इंजिनिअरला कळायला काही क्षण लागले. मग तो उठला, माझ्यावरचं कापड काढलं आणि एसी बंद करायला सांगितला. तिघंही घाम पुसत समोर बसून राहिले. सव्वा तासाने पट्टा घसरून खाली पडला. काउंटर मोजतच राहिला. त्या आकड्याकडे बघत इंजिनिअर लहान मुलासारखा रडला. बाईंनी तो अहवाल फाडला. हे मी त्यांच्या बाजूने सांगतो: त्यानंतर कोणी काही लपवलं नाही.

चौकशी बसली. भिंगरीच्या बापाला बोलावलं. इंजिनिअरने त्याच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले की झडप नसती तर तिला सहा महिनेही मिळाले नसते, दोन वर्षं तरी मिळाली.

"मिळाली," बाप म्हणाला. "पण खरा आकडा कळला असता तर मी तिला दर महिन्याला दाखवायला आणलं असतं. दीड वर्षात बदलून घेतली असती." मग तो माझ्या पट्ट्याकडे वळला. "मी विचारलं होतं हो. घरी जाऊन तिच्या आईला सांगितलं, सगळं नीट आहे, मी स्वतः बघून आलोय."

मामा भिंतीला टेकून खाली बसले. बापाने त्यांना उठवलं नाही आणि शिवीही दिली नाही. तो निघून गेला. इंजिनिअरने नोकरी सोडली.

आता माझं शेवटचं मागणं. उरलेल्या चार मुलांना तातडीने बोलावलं होतं. दोघांच्या झडपा बदलल्या, ती बरी आहेत. तिसरी मुलगी दुसऱ्या ऑपरेशनमधून शुद्धीवर आली नाही. चौथा मुलगा सापडतच नाही. त्याचा बाप रस्ते बांधणारा कामगार. काम संपलं तसं कुटुंब पुढच्या कामावर गेलं. फोन बंद आहे, शाळेतून नाव काढलेलं आहे, पत्रं परत आली. मामा निवृत्त झाल्यावर स्वतः दोन ठिकाणी जाऊन शोधून आले, पत्ता लागला नाही. त्या माणसांना कोणी काही सांगितलेलं नाही. मुलगा गुलाबी दिसतो, पळतो, म्हणजे सगळं नीट आहे असंच ती समजत असतील.

त्याला झडप बसून दीड वर्ष झालं. तो आता आठ वर्षांचा असेल. छातीच्या मधोमध उभा व्रण आहे, गळ्याखालून वीतभर. वर्षातून एकदा दाखवायचं असं त्याच्या कागदावर लिहिलंय, ते चूक आहे. तुमच्या वस्तीत, तुमच्या मुलांच्या शाळेत, रस्त्याच्या कामावरच्या झोपड्यांत असा मुलगा दिसला तर त्याच्या आईबापाला एवढं सांगा की दवाखान्यात या, आजच या. मी बंद आहे, मला मोजता येत नाही. त्याचे ठोके मात्र चालू आहेत, दिवसाला सव्वा लाख, आणि तो पळाला तर त्याहून जास्त.