माल द्यायचा नाही

सकाळी सकाळी आक्काचं आणि तिच्या काळ्या गाईचं वाजलं. गाय गाभण, दिवस भरत आलेले. आक्काला तिला सावलीत बांधायचं होतं आणि गाईला उन्हातच बसायचं होतं.

"ऊठ की गं बये! महाराणी झालीस का? का पालखी पाठवू?" आक्कानं तिला मागून ढकललं, पुढून ओढलं, शेवटी कानात दोन शिव्याही घातल्या. गाय ढिम्म. डोळे अर्धे मिटून रवंथ करत राहिली. एखादी गोष्ट मनाला आली नाही की ती खाली बसायची आणि मग कुणाच्या बापाला ऐकायची नाही, हे सगळ्या आळीला माहीत होतं.

"राहू दे वहिनी, तिनं सांगितलंय तुला, नाही म्हणून," कुंपणावर हात टेकून उभा असलेला तिचा दीर म्हणाला. हा दीर लिलावाच्या शेडमध्ये बोली पुकारायचा. आयुष्यभर पुकारून पुकारून त्याचा घसा असा झाला होता की घरात मीठ मागितलं तरी शेजारणीला वाटायचं, भाव फुटला.

तेवढ्यात रस्त्यावरून जिल्हा परिषदेची जीप आली. टपावर भोंगा. "नागरिकांनो! आपल्या गावाचा विकास आपल्याच मतानं! उद्या सकाळी लिलावाच्या शेडमध्ये जाहीर सभा! विषय, गुरांच्या दवाखान्याचं स्थलांतर! आपलं मत अमूल्य आहे!"

"ज्याची किंमत मोजायची नसते त्याला अमूल्य म्हणतात," दीर म्हणाला. "आमच्या धंद्यात तरी तसंच आहे."

आक्काला हसू आलं नाही. दवाखान्याचं नाव ऐकून तिची नजर गाईच्या पोटाकडे गेली होती. मागच्या खेपेला वासरू आत आडवं झालं होतं. गाय पाय झाडत होती, डोळे पांढरे करत होती. ओढ्यापलीकडच्या त्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात नेईपर्यंत तिनं दोनदा बसकण मारली. डॉक्टरनं बाह्या वर केल्या, खांद्यापर्यंत हात घातला आणि वासरू वळवून बाहेर काढलं. गाय वाचली, वासरू वाचलं आणि घरातलं दूधही वाचलं. आक्काचा नवरा ट्रकवर, आला तर महिन्यातून एकदा येणार. घर चालायचं ते गाईच्या जिवावर. आता दवाखाना गेला आणि यंदाही वासरू आडवं झालं तर? हा विचार तिच्या डोक्यातून जाता जाईना.

दुसऱ्या दिवशी शेड गच्च भरली. आता या शेडची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. तिथं खुर्च्या नसतात. भिंतीला पोती लावलेली असतात, बोली उभ्यानं चालते. ज्याला माल घ्यायचा तो हात वर करतो. म्हणून घ्यायचं नसेल तर शेडमध्ये कुणी हात वर करत नाही, माशी बसली तरी नाही. गावच्या न्हाव्यानं एकदा गांधीलमाशी हाकलायला हात उचलला आणि गाडीभर सडके कांदे घेऊन घरी गेला. त्याची बायको अजून त्याला त्यावरून बोलते. आणि शेतकऱ्याला भाव पटला नाही, माल द्यायचा नसला, की तो वाद घालत नाही. सरळ आपल्या पोत्यावर बसतो. बसला म्हणजे नाही. मग बोलीवाला पुढच्या पोत्याकडे जातो. आजे-पणजे असेच बसत आले.

परिषदेच्या साहेबांना यातलं काही ठाऊक नव्हतं आणि विचारायला त्यांना सवड नव्हती, कारण ते लोकांचं मत विचारायला आले होते. त्यांनी स्वतःसाठी खुर्ची आणली होती. पडद्यावर चित्रं दाखवायचं यंत्र आणलं होतं. मेजावर फुलदाणीसुद्धा होती.

"सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो," साहेब म्हणाले. "अजून कुठलाही निर्णय झालेला नाही. फक्त कारंज्याची ऑर्डर गेलेली आहे."

"कसलं कारंजं?" न्हावी हात खिशात ठेवून म्हणाला.

मग पडद्यावर चित्र आलं. गुरांचा दवाखाना डोंगरापलीकडच्या मोठ्या गावी जाणार आणि त्या जागेवर 'नागरिक विसावा केंद्र' होणार. मधोमध कारंजं, भोवती फरशी, फरशीवर गोरी गोरी माणसं फुगे घेऊन हसतायत. पुढच्या चित्रात मोठ्या गावचा नवा दवाखाना. चकचकीत फरशीवर एक गाय उभी. तिच्या अंगावर एक गोचीड नाही, पायाला शेण नाही. ती गाय जन्मात कधी अडली असेल असं वाटत नव्हतं.

"फरशी निळी हवी की हिरवी, यावर आपलं मत मोकळेपणानं मांडा," साहेब म्हणाले. "हा प्रकल्प तुमचा आहे."

आक्का पुढं सरकली. "साहेब, फरशी तुमच्या आवडीची घाला. माझी गाय अडली तर डोंगर ओलांडून न्यायची कशी? खांद्यावर टाकून?"

"फार सुंदर मुद्दा!" साहेब इतके खूश झाले की आक्काला वाटलं आता बक्षीस देतायत. "नोंद घेतली. त्यासाठी फिरतं वाहन आमच्या विचारात आहे."

"विचारातल्या गाडीत गाय चढते का?"

"हाही फार सुंदर मुद्दा. याचीही नोंद घेतली."

गुरांचा डॉक्टर कोपऱ्यात उभा होता. बिचारा परिषदेचाच नोकर. त्यानं घसा खाकरला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं घसा खाकरलाच नव्हता असं तोंड केलं.

शेवटी साहेब उभे राहिले. "आता महत्त्वाचं. दवाखाना हलवायला ज्यांची हरकत आहे, त्यांनी हात वर करावा."

शेडमध्ये एकही हात वर गेला नाही. आणि मग सगळं गाव खाली बसलं. कुणी पोत्यावर, कुणी जमिनीवर, कुणी तागडीच्या पारड्यात. म्हाताऱ्या कमरेवर हात ठेवून कण्हत कण्हत बसल्या. न्हावी तर मांडी घालूनच बसला. आक्का पुढच्याच पोत्यावर अशी बसली की पोत्याची शिवण उसवली. इतकं मोठ्यांदा 'नाही' त्या शेडनं कधी ऐकलं नव्हतं.

साहेबांचा चेहरा उजळला. "हं, बसा बसा, आरामात बसा! दमला असाल. तर एकही हात वर नाही. कुणाचीही हरकत नाही."

"साहेब!" दीर ओरडला. छपरावरची कबुतरं उडाली. "सगळे बसलेत की!"

"हो, पाहिलं मी. फार शिस्तीत बसले. समाधान वाटलं."

"अहो, बसले म्हणजे नाही म्हणाले! इथं माल द्यायचा नसला की बसतात!"

साहेबांनी जवळचा कागद वरून खाली, खालून वर पाहिला. "इथं फक्त हातांसाठी रकाना आहे. बसण्यासाठी रकाना नाही. एकमतानं मंजूर. आणि फरशी, मला वाटतं, निळी."

जीप धुरळा उडवत गेली. फुलदाणी मात्र विसरली. आक्का घरी आली आणि गोठ्यात जाऊन गाईच्या मानेला टेकून उभी राहिली. तिला साहेबांचा राग आला होता, पण त्याहून जास्त स्वतःचा. एक हात वर केला असता तर काय सडके कांदे गळ्यात पडणार होते? जिभेला एवढी धार, आणि हात तेवढा शेडच्या धाकानं खाली राहिला. "माझंच चुकलं गं," ती गाईला म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. गाईनं तिचा पदर चघळायला घेतला.

पुढच्याच आठवड्यात दवाखाना हलवायला ट्रक आला. निर्णय झाला नव्हता म्हणतात ना, तो असा झाला नव्हता. आणि नेमकी त्याच सकाळी गाय वेणा द्यायला लागली. तिची शेपटी उचललेली, पाठ कमानीसारखी. पुन्हा तेच, वासराचा एकच पाय दिसत होता. आक्कानं दिराला हाक मारली आणि दोघांनी मिळून गाईला ओढ्यापलीकडे नेलं. एक पाऊल टाकायची आणि थांबायची.

दवाखान्यापाशी हमाल औषधांचं कपाट दाराशी आणत होते. साहेब झाडाखाली घड्याळ बघत उभे होते. गाय दारापर्यंत आली, कपाटाकडे पाहिलं, हमालांकडे पाहिलं, आणि उंबऱ्यावर फतकल मारून बसली. अर्धी आत, अर्धी बाहेर. कपाट आत अडकलं, हमाल आत अडकले.

"उठवा तिला!" साहेब म्हणाले.

"तुम्हीच उठवा," आक्का म्हणाली. "मी पाच वर्षं उठवतेय."

डॉक्टर आतून हमालांच्या मधून वाट काढत, गाईला ओलांडून बाहेर आला. त्यानं गाईकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि या वेळी घसा नीट खाकरला. "साहेब, मी आता हात घालणार आहे. ही इथून हलली तर दोन जीव जातील. कपाट राहू दे. आणि ती पाण्याची बादली जरा इकडे द्या. नाही, तुम्हीच द्या, दुसरं कुणी मोकळं नाही."

साहेबांनी बादली दिली. दिल्यावर डॉक्टर म्हणाला, धरूनच ठेवा. साहेबांनी धरून ठेवली.

एव्हाना गाव जमलं होतं. दीर गाईकडे बघत होता. मग कमरेवर हात ठेवून त्यानं शेडमधला तो ठेवणीतला आवाज काढला. "हिनं सांगितलं हो! माल द्यायचा नाही!"

न्हावी बाहेर काढून ठेवलेल्या डॉक्टरच्या खुर्चीवर जाऊन बसला. शेजारीण औषधाच्या खोक्यावर बसली. कुणी तपासणीच्या मेजावर चढलं, कुणी ट्रकच्या पायरीवर, कुणी ट्रकमध्ये चढवून झालेल्या बाकड्यावर. एक म्हातारी साहेबांच्या जीपच्या बॉनेटवर बसली आणि पाय हलवायला लागली. कुणी घोषणा दिली नाही, कुणी दगड उचलला नाही. नुसतं बसलं सगळं गाव.

आक्का तेवढी बसली नाही. ती गाईचं डोकं मांडीवर घेऊन गुडघ्यांवर होती आणि तिच्या तोंडून शिव्या आणि लाडाची नावं एकदमच निघत होती. डॉक्टरच्या कपाळावरून घाम गळत होता. "आला दुसरा पाय," तो म्हणाला. "ओढा म्हणेन तेव्हा ओढा. ओढा!" दिरानं ओढलं. वासरू सटकन बाहेर आलं, ओलंचिंब, आणि साहेबांच्या बुटांवर पडलं. कालवड होती. शिंकली. आक्का हुंदके देत हसली आणि तिनं साहेबांच्या हातातली बादली काढून घेतली, कारण ते अजून धरूनच उभे होते.

ट्रक रिकामा परत गेला. हमालांना मजुरी मिळाली, त्यांची काही तक्रार नव्हती.

साहेबांना मात्र अहवाल लिहायचा होता. घडलं ते लिहावं तर सभेत हरकत नव्हती हे खोटं ठरणार. न लिहावं तर रिकाम्या ट्रकचा जाब द्यावा लागणार. शेवटी साहेब हुशार माणूस. त्यांनी लिहिलं की, 'सदर गावात नागरिकांना बसण्याची तीव्र गैरसोय आढळली. नागरिक पोत्यांवर, जमिनीवर, शासकीय सामानावर व वाहनांवर बसतात. गुरांच्या दवाखान्यासमोर तातडीने बाके बसवणे आवश्यक.' परिषदेत सगळ्यांना हा मुद्दा फार सुंदर वाटला. बाकं मंजूर झाली. आता बाकं दवाखान्यासमोर मंजूर झाली म्हटल्यावर दवाखाना तिथं असणं भागच होतं. तो हलवला तर बाकं कशासमोर आहेत, हा प्रश्न आला असता. कारंजं दुसऱ्या कुठल्यातरी गावाला गेलं. त्या गावाचंही मत घेतलं असणारच.

पावसाळा सरता सरता बाकं आली. सिमेंटची, निळी. प्रत्येकावर पाटी, 'लोकांच्या मागणीनुसार.' साहेब फीत कापायला आले. आक्का नटून आली होती, कालवडीला घेऊन. फीत कापली, टाळ्या झाल्या.

"बसा ना आता!" साहेब हात पसरून म्हणाले. "अहो, तुमच्यासाठीच आहेत! बसा!"

गाव उभंच राहिलं. न्हावी उभा, शेजारीण उभी, म्हाताऱ्या गुडघे चोळत उभ्या. एवढ्या लांबून माणूस काहीतरी द्यायला आला, आणि त्याच्या तोंडावर बसायचं? गावाला काही रीतभात होती की नाही.

साहेबांनी रिकामी बाकं मोजली. मग त्यांनी खिशातून पेन काढलं.

"लिहा साहेब," आक्का म्हणाली आणि कालवडीचं दावं तिनं पहिल्या बाकाला बांधलं. "लोक बाकांचा वापर करत नाहीत म्हणून लिहा. नोंद घ्या."

साहेबांनी नोंद घेतली. कालवडीनं बाकाचा वास घेतला, एक चक्कर मारली आणि खाली बसली.