भर उन्हातली ज्योत

मित्रांनो, विज्ञानाच्या कपाटात, लोहचुंबकाच्या शेजारी जी बुटकी काचेची बाटली दिसते ना, पितळी गळ्याची आणि टोपी घातलेली, ती शाईची दौत नव्हे. तो मी, एक जुना स्पिरिटचा दिवा. माझा स्वभाव भित्रा आहे. ज्याच्या डोक्यावर आग पेटते त्यानेच घाबरून राहावे, याचे लोहचुंबकाला फार हसू येते. हसू दे बापड्याला. आपल्या हातून कुणी भाजेल अशी धास्ती त्याला कधी वाटलेली नाही.

कारखान्यात माझी काच घडली, गळ्यात जाड सुती वात आली आणि पेंढ्यात गुंडाळून मी या प्राथमिक शाळेत पोहोचलो. तेव्हा विज्ञान शिकवायला एक वयस्कर सर होते. मला पेटवण्याआधी ते न चुकता म्हणत, “खिडक्या लावा.” खोली अंधारली की माझी निळसर ज्योत उठून दिसे. सर जादूसाठी अंधार करतात असे मुलांना वाटे. सरांनी कारण सांगितले नाही, कुणी विचारलेही नाही. मला ते ठाऊक होते. स्पिरिटची ज्योत इतकी फिकी असते की भर उन्हात डोळ्यांना दिसतच नाही. दिसत नाही, पण भाजते तेवढीच.

सर निवृत्त झाले आणि बाई आल्या. बाई मनाने चांगल्या, पण आगीला माझ्याइतक्याच भिणाऱ्या. त्या माझे चित्र फळ्यावर काढून शिकवत. मुले वात, गळा, टोपी अशी माझ्या भागांची नावे घडाघडा म्हणत आणि मी कपाटात धूळ खात बसे. त्या वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे ‘शंका’च म्हणत. तिच्या प्रश्नांनी धडा पुढे सरकेना, म्हणून बाईंनी नियमच केला होता की शंका तास संपल्यावर विचारायच्या. एकदा तास संपल्यावर ती म्हणाली, “वाफेचं परत पाणी होतं, ते तुम्ही पाहिलंय का, बाई?”

बाईंना तो प्रश्न लागला असावा. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी मला पुसून टेबलावर ठेवले. मागच्या मुलांना दिसावे म्हणून टेबल खिडकीशी ओढले आणि खिडकी सताड उघडली. तिरपे ऊन थेट माझ्या अंगावर आले. माझ्या पोटातले स्पिरिट गार पडले म्हणाल तर खोटे नाही.

बाईंनी हात लांब ठेवूनच काडी लावली. वर तिवईवर पाण्याचे पात्र होते, भोवती मुलांची डोकी. इतक्यात वाऱ्याची झुळूक आली आणि पडदा फडफडला. बाईंनी वाकून पाहिले. माझ्या वातीवर त्यांना काहीच दिसले नाही.

“विझला वाटतं. स्पिरिट कमी पडलं असेल,” असे म्हणून त्यांनी पात्र बाजूला केले आणि स्पिरिटची बाटली उघडून हातात घेतली.

मी पेटलेलोच होतो. बाटली जवळ येत होती आणि तिच्या तोंडाचा वास मला येत होता. एकदा का तो वास माझ्या ज्योतीला लागला असता, तर टेबलाभोवती वाकलेल्या त्या चेहऱ्यांचे काय झाले असते, हे आठवले की आजही माझी वात आखडते. मला ओरडता येत नाही. स्वतःला विझवताही येत नाही.

“बाई, भिंतीवर सावली हलतेय,” शंका म्हणाली.

“नंतर विचार.”

“पण दिवा विझलाय ना? मग त्याच्यावरची सावली का हलतेय?”

बाईंचा हात थांबला. त्यांनी भिंतीकडे पाहिले. माझी सावली स्थिर होती, पण तिच्या डोक्यावर काहीतरी थरथरत होते, उकळत्या पाण्यासारखे. बाईंनी बाटली लांब नेऊन बूच लावले, मुलांना मागे सारले आणि कागदाची एक लांब पट्टी माझ्या वातीवर धरली. ती भपकन पेटली. बाईंनी मला टोपी घालून विझवले आणि त्या खुर्चीत बसल्या.

नंतर मी पुन्हा कपाटात. मला अडगळीत टाकावे, असे मुख्याध्यापक म्हणाल्याचे कानावर आले. अंधारात मला दोन प्रकारची भीती खात होती. पुन्हा पेटलो तर काय होईल, आणि पुन्हा कधी पेटलोच नाही तर काय.

मग एके दिवशी कपाट उघडले. बाईंनी मला टेबलावर ठेवले, खिडक्या लावल्या, मुलांना हातभर लांब बसवले. पण काडी लगेच ओढली नाही. “आधी मला सांगा, खिडक्या का लावल्या?” त्या म्हणाल्या. सगळे हात वर झाले. त्या दिवशी पात्रावर धरलेल्या गार बशीला पाण्याचे थेंब आले आणि ते आधी शंकेने पाहिले की बाईंनी, ते मला सांगता येणार नाही.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. मला भ्या, पण भिऊन कपाटात कोंडू नका. आणि तुमच्यातले जे मोठेपणी शिकवायला उभे राहतील त्यांनी लक्षात ठेवा, मध्येच कुणी शंका विचारली तर हातातली बाटली आधी खाली ठेवा.